विमलताई, गाडी न्हावऱ्याला थांबते

विमलताई, तुमची सीट आम्ही रिकामी ठेवलीय असं लिहिलं असतं, तर वाचायला बरं वाटलं असतं. पण ते खरं नाही. तुमच्या आजारपणात ती तुमची म्हणून मोकळी राहिली, पुढं नाही. तुम्हाला निरोप देऊन आल्यावर गाडी निघाली, त्या पहिल्याच सकाळी तुमच्या जागेवर लता बसली. चौफुल्याला चढलेल्या एका पोरीनं डोळे वटारले, तर लता म्हणाली, "बघतीस काय? बाया जास्त, शिटा कमी. ताई असत्या तर त्यांनीच कुणालातरी हाताला धरून बसवलं असतं." आणि मग खिडकीकडं तोंड करून पार भीमेचा पूल येईपर्यंत ती रडत होती.

मी आरशात बघत होतो. ड्रायव्हरला तेवढंच करता येतं. इतकी वर्षं मी कंपनीची गाडी चालवतोय. सकाळी वरवंडहून निघायचं, चौफुला, केडगाव, पारगाव, न्हावरा करत शिरूरकडच्या कारखान्यात बायांना सोडायचं, संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत. मोटारींना लागणारं वायरिंग तिथं तयार होतं. तुम्ही वरवंडच्या, सगळ्यात आधी चढायचात. मी खुटबावचा, घरी शेवंती आणि झेंडूची शेती, पण पोट भरलं ते स्टिअरिंगवर. तुम्ही मला मामा म्हणायचात, मी तुम्हाला ताई. तुमचा आवाज मी कायम पाठीमागून ऐकला, आणि चेहरा बघितला तो आरशात, तोही तुकड्यातुकड्यानं. म्हणून आज समोरासमोर बोलल्यासारखं लिहितोय. चुकलं तर अडवा.

ते वाचन कसं सुरू झालं ते तुम्हाला आठवत असेलच, पण मला सांगू द्या. ऊसतोडीचे दिवस होते. केडगावच्या पुढं उसाची ट्रॉली उलटली होती आणि रस्ता बंद होता. गाडीत एकीच्या मोबाइलवर गाणं चाललं होतं, दुसरीच्या मोबाइलवर कीर्तन, आणि सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडं, कारण उशीर झाला की अर्धा दिवस कापला जायचा. तेवढ्यात मागनं तुमचं हसणं ऐकू आलं. पोटातून आलेलं, एकटीचंच.

"काय झालं वो ताई?" लतानं विचारलं. लता कासुर्डीची लेक, केडगावची सून, आणि गाडीतला सगळ्यात मोठा आवाज.

"हिची तिसऱ्यांदा सासू मेली," तुम्ही म्हणालात.

"कुणाची?"

तुमच्या हातात गोष्टींचं एक जुनं पुस्तक होतं. तुम्ही पान मागं उलटलंत आणि मोठ्यानं वाचायला लागलात. एका गिरणी कामगाराला गावच्या कुस्त्या बघायला जायचं असतं. रजा मिळत नाही, म्हणून त्याची बायको साहेबाकडं जाते आणि सांगते, सासू वारली. साहेब म्हणतो, अहो बाई, तुमची ही तिसरी सासू. ती म्हणते, साहेब, तुमच्या गिरणीत रजाच अशी मिळते, सासू मारल्याबिगर भागत नाही, मी तरी काय करू?

गाडी हसली. मी इतका हसलो की हात हॉर्नवर पडला आणि पुढच्या ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून मला शिवी घातली. लता म्हणाली, "आपल्या लाइनवरच्या एकीची आजी तर पाच येळा गेली. पुस्तकात लिवणाऱ्याला कसं कळलं हे?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही चढलात, तेव्हा मीच म्हटलं, "ताई, पुस्तक आणलंय न्हवं?"

तुम्ही दहावी झाल्यावर लगेच तुमचं लग्न झालं होतं. पुस्तकांची सवय माहेरची. वडील विहारात संध्याकाळी मोठ्यानं वाचायचे आणि तुम्ही त्यांच्या मांडीजवळ बसून ऐकायचात, हे तुम्हीच सांगितलं होतं. तुम्हाला राजाराणीच्या गोष्टींचा कंटाळा. गिरणीतल्या, वीटभट्टीवरच्या, विडी वळणाऱ्या, रस्ते झाडणाऱ्या माणसांची पुस्तकं तुम्ही दौंडच्या वाचनालयातून, कुणाच्या घरातून, रद्दीच्या दुकानातून शोधून आणायचात. वाचताना आवाज चढवणं नाही, रडवेला सूर नाही. भाजी निवडता निवडता शेजारणीला काहीतरी सांगावं, तसं वाचायचात. म्हणून तर ते आमच्यात शिरलं.

आणि भांडणंही तिथूनच लागली. मी म्हणायचो, "ताई, ह्या पुस्तकांमधला ड्रायव्हर एक तर दारू पितो न्हाईतर पोरगी पळवतो. सरळ गाडी चालवणारा एकबी न्हाई." तुम्ही म्हणायचात, "मग सरळ चालवणाऱ्याचं काय सांगायचं, ते तुम्ही सांगा." मी सांगायला लागायचो आणि पारगाव यायच्या आत माझं संपायचं. तुम्ही म्हणायचात, "बघा. म्हणून त्याला दारू पाजतात." सगळ्या माझ्यावर हसायच्या. मला राग यायचा नाही. घरी गेल्यावर मात्र मी विचार करत बसायचो, की आपल्या दिवसात सांगण्यासारखं खरंच काही नसतं का.

पण एक भांडण हसण्यावारी गेलं नाही. तुम्ही एका गिरणीची गोष्ट वाचत होतात. तिथं एका खात्यात एकाला वेगळ्या माठातलं पाणी प्यावं लागायचं, आणि त्याच्याच खांद्याला खांदा लावून संप करणारे सगळे त्याला ते पाणी पिताना बघायचे आणि गप्प राहायचे. मी बोलून गेलो, "हे जुनं झालं, ताई. कामगार म्हंजी कामगार. मशीनला कुठं जात कळती?"

तुम्ही बोट पुस्तकात ठेवून पुस्तक मिटलंत. "मशीनला नाही कळत, मामा. पण तुमच्या गाडीला कळतं."

तुम्ही हनुवटीनं आरसा दाखवलात.

"बघा की आरशात. पुढं कोण बसलंय, मागं कोण बसलंय."

मी बघितलं. तुम्ही सगळ्यात आधी चढायचात, अख्खी गाडी रिकामी असायची, आणि तरी तुम्ही मागच्या दाराजवळ बसायचात. तुमच्या वस्तीतल्या बाकीच्या दोघी तिघी तिथंच. शेतकऱ्यांच्या घरातल्या पुढं. कुणी असा नियम केला नव्हता. म्हणूनच तो मोडायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. तुमच्या आवाजात राग नव्हता. "मला काय पुढं बसायची हौस न्हाई," तुम्ही म्हणालात, "पण जुनं झालं म्हणू नका. एवढंच."

त्या दिवशी वाचन तिथंच थांबलं. मला वाटलं, संपलं आता हे. पण दुसऱ्या दिवशी केडगावला लता चढली, पुढच्या सीटवर बसली, आणि गाडी सुटल्यावर ओरडली, "ताई, पुढं या की! इंजिनात काय बी ऐकू येईना."

"तू मागं ये," तुम्ही म्हणालात.

एवढंच. लतानं क्षणभर विचार केला, डबा उचलला आणि मागं जाऊन तुमच्या शेजारी बसली. तिच्या मागोमाग एक, दुसरी. काही दिवसांत अशी गत झाली की मागच्या सीटांवर दाटी आणि पुढच्या अर्ध्या रिकाम्या. दोघी तिघी शेवटपर्यंत मागं गेल्या नाहीत, तेही खरं आहे. मग एके दिवशी तुम्ही उठलात आणि माझ्या पाठीमागच्या सीटवर येऊन बसलात. "मामाला ऐकू जात न्हाई, म्हणून," असं सगळ्यांना सांगितलंत. ताई, माझ्यासाठी कुणी जागा बदलली, असं आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

आता ती दुसरी गोष्ट. आपल्या कारखान्यात वायरला टोक दाबून बसवायचं मशीन असतं, त्यात एका नव्या पोरीचं बोट सापडलं. शेंडा गेला. त्या मशीनला हात आत जाऊ नये म्हणून गार्ड असतं. पण गार्ड लावलं की काम सावकाश होतं आणि टार्गेट निघत नाही, म्हणून ते काढून ठेवलेलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. सुपरवायझरला, साहेबांना, तुम्हाला, गाडीतल्या प्रत्येकीला. आणि योगायोग असा की त्याच आठवड्यात तुम्ही प्रेस खात्यातल्या, पत्रा दाबणाऱ्या मशीनवरच्या कामगारांची एक कादंबरी वाचत होतात. त्यात एकाचा पंजा जातो आणि मालक सांगतो, चूक त्याचीच.

त्या पानावर तुम्ही थांबलात. मग पूनम बोलली. पूनम उत्तर प्रदेशातली, नवऱ्याबरोबर केडगावला खोली घेऊन राहणारी. मराठी तिला तेव्हा अर्धीच समजायची. "दीदी, हमारे यहाँ भी तो यही बोला ना, लड़की की गलती."

त्याच दिवशी तुम्ही मशीनवर बसलात आणि म्हणालात, गार्ड लावल्याशिवाय मी हात लावणार नाही. तुमच्या पाठोपाठ लता, पूनम, मग अख्खी लाइन. हे मला संध्याकाळी गाडीत कळलं. लाइन दुपारपर्यंत बंद राहिली. मग गार्डं बसली.

आणि दुसऱ्या सकाळी एचआरच्या साहेबांनी मला बोलावलं. तरुण माणूस, तसा वाईट नव्हता. "मामा, गाडीत काय वाचतात हो बाया? युनियनचं काही आहे का?"

"गोष्टी वाचत्यात साहेब."

"कसल्या?"

"तुम्ही या की एक दिवस, ऐका," मी म्हटलं. आणि हे तुम्हाला येऊन सांगितलं, तर तुम्ही घाबरण्याऐवजी त्यांच्या केबिनला गेलात आणि स्वतःच आमंत्रण देऊन आलात. ते साहेब चौफुल्याला स्वतःची मोटार लावून खरंच गाडीत चढले. मला वाटलं, ताई आज ती सासूची गोष्ट वाचतील, साहेब हसतील, प्रकरण मिटेल. तुम्ही तेच प्रेस खात्याचं पान उघडलंत. पंजा गेल्यावर त्या माणसाची बायको दवाखान्यात येते आणि पहिल्यांदा विचारते, कुठला हात? उजवा की डावा? तिथपासून वाचलंत. गुऱ्हाळाच्या धुराच्या वासातून गाडी चालली होती आणि मी गिअर बदलतानाही आवाज होऊ नये असा बदलत होतो.

पूल ओलांडल्यावर साहेब म्हणाले, "छान वाचता तुम्ही. पण ताई, जरा दुसरं काही वाचा ना. मशीनबिशीनचं कशाला?"

"मग काय वाचू, साहेब?" तुम्ही विचारलंत. "दिवसभर आमच्यासमोर मशीनच असतं."

उतरताना साहेबांनी तुम्हाला नमस्कार केला, तो खरा होता असं मला आजही वाटतं. पण वरून हुकूम आला होता की त्यांनीच काढला, माहीत नाही. कंपनीच्या गाडीत मोठ्यानं वाचन करायचं नाही, ड्रायव्हरचं लक्ष विचलित होतं, असं सांगण्यात आलं. ड्रायव्हरला कुणी विचारलं नाही. गार्डं बसली आणि वाचन बंद झालं, दोन्ही एकाच आठवड्यात.

त्या संध्याकाळी लता संतापली होती. "ताई, आपण वाचायचंच. काय करत्यात बघू."

"करतील काय? मामाला काढतील," तुम्ही म्हणालात. "तुला न्हाई, मला न्हाई. गाडी त्यांची, म्हणून आधी मामा." मग म्हणालात, "गाडीत न्हाई वाचायचं, असंच म्हणाले ना? न्हावऱ्याला आपण थांबतो ती जागा काय गाडी न्हवं."

न्हावऱ्याला मांडवगणकडच्या बाया जीपनं यायच्या आणि त्यांच्यासाठी आपली गाडी थोडा वेळ थांबायची. चहाची टपरी, एक बाभळीचं झाड आणि दोन बाकडी. दुसऱ्या दिवशी गाडी थांबली आणि तुम्ही पुस्तक घेऊन उतरलात. सगळ्या उतरल्या. मीही उतरलो, आणि पहिल्यांदाच तुम्हाला समोरून वाचताना बघितलं. तुम्ही वाचताना एक भुवई वर करता, हे मला तोवर माहीत नव्हतं. वाचायला वेळ कमी मिळायचा. पण गाडीत फक्त आपण होतो, टपरीपाशी इतर लोकही यायला लागले. दुधाच्या टेम्पोवाला थांबायला लागला. ऊस वाहणारे ट्रॅक्टरवाले चहा घेऊन उभे राहायला लागले. पावसाळ्यात टपरीवाल्या आण्णांनी न सांगता ताडपत्री पुढं ओढली आणि म्हणाले, "वाचा ताई, इथं कोण तुमाला अडवतंय?" एचआरचे साहेब कधीतरी तिथून मोटारीतून जायचे. हॉर्न न वाजवता जायचे.

मग तुमच्या पायांना सूज यायला लागली. किडनीचं निघालं. आधी हलकं काम मिळालं, मग काम सुटलं. दौंडला डायलिसिस सुरू झालं. पुस्तक मात्र तुम्ही लताच्या हाती दिलंत आणि सांगितलंत, "मी बरी होईपर्यंत वाच. बरी झाले की हिशेब घेईन." लता अडखळत वाचायची. सगळ्या तिला मध्येच दुरुस्त करायच्या आणि ती चिडायची, "तूच वाच की मग!"

मी रविवारी दौंडला येऊन तुमच्याजवळ बसायचो. तुमच्या हातातून नळी निघून मशीनमध्ये जायची आणि दुसरी परत यायची. मला बघवायचं नाही. तुम्ही म्हणालात, "बघा मामा, ह्या मशीनला सगळी गार्डं लावलेली असतात," आणि हसलात. मी पण हसलो. बाहेर जाऊन रेल्वेच्या मैदानाजवळ उभा राहिलो तेव्हा मात्र हसू टिकलं नाही.

आपलं शेवटचं भांडण तिथलंच. सूतगिरणीतल्या एका बाईची कादंबरी तुम्ही मला घरी वाचायला दिली होती. ती बाई संप घडवून आणते, संप मोडतो, आणि शेवटी ती बोचकं उचलून गावाला निघून जाते. मी ती पुरी वाचून आलो होतो आणि मला राग आला होता.

"लेखकानं तिला हरवायला नको होतं," मी म्हटलं. "आम्ही रोजच हरतो. पुस्तकात तरी कशाला?"

"हरलेल्यांचं कुणी लिहायचं न्हाई का मग?"

"लिवावं. पण येवढी धडाडीची बाई, आन् शेवटी बोचकं घेऊन येष्टीत बसवली."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, दमलात. मग डोळे न उघडताच म्हणालात, "ती हरली न्हाई, मामा. ती गावाला गेली. पुढं तिनं काय केलं ते लेखकाला माहीत नव्हतं, म्हणून त्यानं पुस्तक संपवलं."

सिस्टर आल्या, मला बाहेर जायला सांगितलं. मी दारातून म्हटलं, "ह्याचं उत्तर पुढच्या रविवारी सांगतो."

उत्तर मला वाटेतच सुचलं होतं. पुढचा रविवार मिळाला नाही, म्हणून इथं सांगतो. माहीत नव्हतं तर त्यानं तिच्या मागं गावाला जायला पाहिजे होतं. तिथं राहायला पाहिजे होतं, बघायला पाहिजे होतं, मग लिहायचं. मध्येच सोडून देऊन त्याला शेवट म्हणायचं नाही. तुम्ही यावर काय बोलला असतात? भुवई तर नक्कीच वर गेली असती.

आणखी एक राहिलं आहे. गाडीत वाचन चालू होतं त्या काळात भीमेच्या पुलावर गाडी नेहमी सावकाश जायची. तुम्ही एकदा विचारलंत, "मामा, पुलावर काय होतं तुमच्या गाडीला?" मी म्हटलं, फिल्टरमध्ये कचरा अडकतो. फिल्टरला काही झालेलं नव्हतं. पुलानंतर रस्ता खराब लागायचा, तुमचं वाचन हलायचं. धडा पुलावरच संपावा म्हणून मी पाय उचलायचो. लताला माहीत होतं, पूनमला माहीत होतं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही. तुम्हाला न सांगण्यातच आम्हाला मजा वाटायची.

तुम्ही गेलात ते मला पंपावर डिझेल भरताना कळलं. फोन लताचा होता. वरवंडच्या विहारात आम्ही सगळे आलो होतो. दोन्ही शिफ्टच्या बाया, आण्णा टपरी बंद करून आले होते, दुधाचा टेम्पोवाला होता. एचआरचे साहेबही मागं उभे होते. बुद्धवंदना झाल्यावर तुमची लेक शीतल माझ्याजवळ आली. तिनं दोन पिशव्या भरून पुस्तकं आणली होती.

"आईनं काय सांगितलं न्हवतं," ती म्हणाली. "मीच देतीय. घरात राहिली तर मी नुसती बघत बसेन."

ती पुस्तकं आता गाडीत आहेत, डब्यांच्या पिशव्या ठेवतात त्या फळीवर. ज्याला पाहिजे तो घेतो. एकदोन परत आलेली नाहीत, आणि त्याबद्दल मी कुणाला विचारणार नाही.

इथवर सगळं तुमचं होतं. आता पुढचं सांगतो, कारण ते तुमच्याशिवाय झालं.

तुम्ही गेल्यावर काही दिवसांतच गाडीच्या मालकाचा फोन आला. गाडी कंपनीची म्हणत असलो तरी ती ठेकेदाराची, हे तुम्हाला माहीत आहे. शेठ म्हणाले, "मामा, मांडवगणच्या बायांना आता वेगळी छोटी गाडी लावलीय, ती त्यांना थेट गेटवर सोडेल. उद्यापासून न्हावऱ्याला थांबायचं न्हाई. टाइम वाचतो, डिझेल वाचतं."

मी गाडीत सांगितलं. कुणीच ओरडलं नाही. लताही नाही. मला ते जास्त लागलं. वाटलं, ताई गेल्या, आता हे पण सहज जाईल, कुणाला कळणारही नाही.

दुसऱ्या सकाळी न्हावरा जवळ आलं. टपरीपुढं आण्णा झाडून पाणी मारत होते. मी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि किल्ली काढून खिशात टाकली. मी ठरवलं होतं असं म्हणत नाही. हात तिथं आल्यावर तसा वागला.

मागनं पूनमचा आवाज आला. एव्हाना तिची मराठी आपल्यासारखीच झालीय. "उतरा गं समद्या."

सगळ्या उतरल्या. लतानं पुस्तक काढलं. नेहमीसारखं अडखळत तिनं वाचलं आणि त्या दिवशी कुणीच तिला मध्ये दुरुस्त केलं नाही. मांडवगणच्या बायांची छोटी गाडी आली. तिला थांबायची गरज नव्हती. आतून त्यांनी ड्रायव्हरला काहीतरी म्हटलं, आणि तीही थांबली.

तिसऱ्या दिवशी शेठ स्वतः टपरीवर येऊन उभे. आधी माझ्यावर आले. "मामा, नोकरी नको झाली का?"

मी बोलायच्या आत लता पुढं झाली. "मामांना काय बोलू नका. आमी थांबवतो गाडी."

"बाई, डिझेल कुणाचं जळतंय?"

"गाडी बंद करून उभी हाय, डिझेल कुठनं जळतंय?"

आण्णा हसले. शेठ आणखी तापले. "उशीर झाला तर कंपनी मला दंड लावती."

"कवा झाला उशीर?" लतानं विचारलं. "सांगा. इतक्या वर्सांत ह्या थांब्यापायी एकदा तरी गेटवर उशीर झाला का? झाला आसंल तर आजच उतरायचं बंद."

शेठ माझ्याकडं बघायला लागले. मी मान हलवली. एकदाही नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

"आन् थांबणार न्हाई म्हणाला तर," पूनम शांतपणे म्हणाली, "आम्ही उद्यापासून जीपनं येऊ, समद्या जणी. गाडी रिकामी घेऊन जा. कंपनीला काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

शेठ उगाच चहा मागून बसले. आण्णांनी दिला. लतानं वेळ जाऊ नये म्हणून वाचायला सुरुवात केली. शेठ चहा पीत ऐकत राहिले आणि मोटारीत बसताना मला म्हणाले, "थांबा, पण गाडी बंद करून. आन् गेटला उशीर झाला की मग माझ्याशी गाठ हाय."

गाडी थांबते, ताई. रोज.

सध्या एका वीटभट्टीवरच्या बाईची कादंबरी चालू आहे. मालक तिला म्हणतो, तू मुकादम हो, बाकीच्या बायांवर लक्ष ठेव, दोन वेळचं नीट खाशील. पुस्तक तिथं आलंय. गाडीत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, मुकादमपण घ्यावं, आपल्यातली वर गेली तर आपलं ऐकेल. पूनमचा तट म्हणतो, घेतलं की ती आपल्यातली राहणारच नाही. नेमकं याच आठवड्यात लताला कंपनीनं लाइन लीडर, म्हणजे लाइनवरची मुकादमच, व्हायचं विचारलंय, आणि हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं आवाज चांगलेच चढतात. काल तर टेम्पोवाल्यानंही मत दिलं आणि दोन्ही तटांच्या शिव्या खाल्ल्या.

आधी आधी कुणीतरी म्हणायचं, ताई असत्या तर काय म्हणाल्या असत्या? मग वाद तिथंच अडून बसायचा. परवा मीच म्हटलं, ते विचारायचं आता बंद. तुम्ही काय म्हणाला असतात हे शोधत बसलो, तर आमचं वाचन तुमच्या पाठीमागंच अडून राहील, पुढं यायचं नाही.

आज सकाळी लतानं पुढचं पान न उलटताच पुस्तक मिटलं. "उद्या वाचू," म्हणाली. "आधी मी माझं ठरवते, मग हिनं काय केलं ते बघते. लेखकाचं ऐकून ठरवलं असं नको व्हायला."

पूनम म्हणाली, "चुकीचं ठरवशील तर मी भांडणार."

"भांड की. त्यासाठीच तर उतरतो इथं."

मी किल्ली लावली. सगळ्या चढल्या, आणि चढतानाही त्यांचं भांडण चालूच होतं.